दहा दिवस आणि अठ्ठावन्न वर्षं

माझी नात ओहायोत शिकते हे तुम्हा बहुतेकांना ठाऊक आहे. घरच्यांना तर आहेच! तर ती सुट्टीत मैत्रिणीच्या चर्चच्या गटाबरोबर दक्षिण आफ्रिकेला जाऊन आली. डर्बनपासून दोनेक तासांवरचं एक झुलू खेडं. तिथे दहा दिवस राहून या पोरांनी शाळेच्या दोन खोल्या रंगवल्या, मुलांबरोबर खेळले, गाणी म्हटली. परत आल्यावर फोनवर भरभरून सांगत होती. शेवटी म्हणाली, "आजी, त्या लोकांशी आमचं आयुष्यभराचं नातं जुळलं."

मी म्हटलं, "दहा दिवसांत?"

दोनच शब्द. पण ते ज्या सुरात बोलले गेले तो सूर मी तेहेतीस वर्षं वर्गात वापरलेला. गृहपाठ न करता आलेल्या मुलाला "अस्सं?" म्हणायचा. तिकडून एकदम शांतता. मग, "ठीक आहे आजी, नंतर बोलू." फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. तिचं काही चुकलं होतं का? नाही. माझं? तेही नक्की सांगता येईना. शिक्षकाला अशा वेळी दुसरं काय सुचणार, चष्मा लावून वाचायला बसले. झुलू लोकांत मिशनरी कधी गेले, कसे राहिले, नाती खरंच जुळली का, हे शोधू लागले. आणि शोधता शोधता पोचले कुठे, तर आमच्याच नगरला! (आता अहिल्यानगर. पण पंचाहत्तर वर्षांच्या जिभेला जरा सवलत द्या.)

त्याचं असं झालं. अमेरिकेत १८१० साली एक मिशनरी संस्था निघाली, तिचं कार्यालय बोस्टनला. इकडे नुसतं अमेरिकन बोर्ड म्हणत. या बोर्डाची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली. कंपनी सरकार त्यांना हाकलायला टपलेलं, तरी चिकाटीने राहिली. १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं मांडलं. नगरचं अमेरिकन मराठी मिशन ते हेच. सिंथिया फरारबाईंच्या इथल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण सगळे वाचत आलो. 'ज्ञानोदय' इथूनच निघालं. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई इथल्याच. आणि याच बोस्टनच्या कचेरीने पाठवलेली सहा जोडपी १८३५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला पोचली, झुलूंसाठी. म्हणजे ज्या टेबलावर नगरची पत्रं फुटायची त्याच टेबलावर पुढे झुलूलँडची पत्रं फुटू लागली. मी नगरला वाढले, मिशन कंपाउंडच्या भिंतीला लागून आमची गल्ली, आणि हे मला आत्ता कळतंय.

सुरुवात काही शुभ नव्हती. पहिल्या सहा बायकांपैकी एक वर्ष-दीड वर्षात तापाने गेली. झुलू राजा डिंगाने याने आधी राहू दिलं, पण १८३८ मध्ये त्याची आणि बोअर लोकांची लढाई पेटली तेव्हा सगळ्यांना जीव घेऊन पळावं लागलं. मागाहून काही जण परतले. डॉक्टर अ‍ॅडम्स, ग्राऊट, लिंडली. पहिला बाप्तिस्मा झाला तो १८४६ साली, एका बाईचा. मोजून पाहा, अकरा वर्षं! अकरा वर्षं दवापाणी, शाळा, भाषा शिकणं, आणि पदरात एक माणूस. बोस्टनला दर वर्षी अहवाल पाठवताना यांनी काय लिहिलं असेल, हा विचार माझ्यातल्या मुख्याध्यापिकेला सुटला नाही.

यांपैकी लिंडली १८४७ मध्ये डर्बनच्या उत्तरेला इनांडा या ठिकाणी गेले. तिथल्या काडी जमातीच्या राजघराण्यातली एक विधवा त्यांच्या आश्रयाला आली. रीतीप्रमाणे तिने दिराच्या घरात नांदायचं होतं, ते तिला नको होतं. तिचा मुलगा खरं तर जमातीचा प्रमुख व्हायचा. तो झाला पाद्री, जेम्स डुबे. त्याचा मुलगा जॉन डुबे. या जॉनकडे मला यायचंच आहे, पण आधी एडवर्ड्सबाई. त्यांना ओलांडून पुढे जाणं मला जमणार नाही.

मेरी एडवर्ड्स. ओहायोच्या, शिक्षिका, विधवा. वय चाळिशीला टेकलेलं. बोस्टनच्या बायकांनी १८६८ मध्ये आपलं स्वतंत्र महिला मंडळ काढलं आणि पहिली बाई म्हणून यांना पाठवलं. मार्च १८६९ मध्ये इनांडाला मुलींची निवासी शाळा सुरू झाली, इनांडा सेमिनरी. पहिल्या दिवशी एकोणीस मुली. बाईंना झुलू येत नव्हती, मुलींना इंग्रजी येत नव्हती. शाळा काढलेली का, तर मिशनच्या शिकलेल्या मुलांना शिकलेल्या बायका मिळाव्यात म्हणून! पण शाळा काढणाऱ्याच्या हेतूवर शाळा थोडीच चालते? थोड्याच वर्षांत मुली रात्री-बेरात्री डोंगर उतरून शाळेच्या दाराशी येऊ लागल्या. बापाने म्हाताऱ्या, आधीच तीन-चार बायका असलेल्या माणसाशी लग्न ठरवलेलं, गुरं घेऊन झालेली. मग मागोमाग बाप यायचे, भाऊ यायचे. बाई मध्ये उभ्या.

इथे मी थांबले. कारण बापाच्या बाजूनेही पाहायला हवं. लोबोला, म्हणजे वधूच्या घरी गुरं देण्याची रीत, ही नुसती विक्री नव्हती. दोन घराण्यांना बांधणारी ती गाठ होती. मिशनने ते समजून घेतलं नाही. १८७९ मध्ये नियमच केले, की ज्याला चर्चचा सभासद व्हायचंय त्याने एकाहून जास्त बायका ठेवायच्या नाहीत, लोबोला घ्यायचा नाही, गावच्या बिअरच्या मेजवानीला जायचं नाही. मग ज्याला आधीच दोन बायका त्याने काय करायचं, एकीला रस्त्यावर सोडायची? नातं जोडायला आलेल्यांनी आधी किती नाती तोडायला लावली याचा हिशोब कुठल्या अहवालात सापडत नाही. आपल्याकडे निदान ना. वा. टिळकांनी कीर्तन आणि अभंग प्रार्थनामंदिरात नेले. पण ते टिळकांनी नेले, बोस्टनने नव्हे.

असो. एडवर्ड्सबाईंकडून मुख्याध्यापकपद पुढे दुसऱ्या बाईंकडे गेलं. पण या परत गेल्या नाहीत. निवृत्त होऊन तिथेच राहिल्या, १९२७ मध्ये वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तिथेच गेल्या आणि तिथल्याच मातीत आहेत. शाळा उघडल्यापासून अठ्ठावन्न वर्षं. पहिल्या मुलींच्या नातीही त्यांच्यासमोर शिकल्या असणार. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने सरकारने मिशनच्या शाळा ताब्यात घेतल्या, डॉ. अ‍ॅडम्सच्या नावाचं नामांकित कॉलेजसुद्धा १९५६ अखेर गेलं, पण इनांडा सेमिनरी खासगी शाळा म्हणून तगली. १९९७ मध्ये पैशाअभावी चर्चने ती बंद करायचं ठरवलं, तेव्हा माजी विद्यार्थिनी उठल्या आणि त्यांनी ती वाचवली. शाळेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून काय होतं ते मी लिहीत नाही.

आता जॉन डुबे. अ‍ॅडम्सच्या शाळेतलं हे पोरगं वांड. तिथे विल्कॉक्स नावाचे मिशनरी होते, ओबर्लिन कॉलेजातून शिकून आलेले. (ओबर्लिन ओहायोत. नातीच्या कॉलेजपासून गाडीने तासाभरावर!) १८८७ मध्ये विल्कॉक्स सुट्टीवर अमेरिकेला निघाले तेव्हा डुबेच्या आईच्या सांगण्यावरून त्यांनी या सोळा वर्षांच्या मुलाला बरोबर नेलं. तिथे त्याने छापखान्यात, रस्त्याच्या कामावर मजुरी करत शिक्षण घेतलं. पुढे तो नि त्याची बायको नोकुटेला, ही एडवर्ड्सबाईंच्याच शाळेतली, दोघांनी मिळून १९०१ च्या सुमारास इनांडाजवळ ओहलांगे इथे झुलूंची स्वतःची शाळा काढली. कुठल्याही मिशनच्या हाताखाली नसलेली. १९०३ मध्ये 'इलांगा' हे वर्तमानपत्र काढलं. १९१२ मध्ये जी संघटना पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाली तिचा डुबे पहिला अध्यक्ष.

गांधीजींचा फिनिक्स आश्रम १९०४ चा, ओहलांगेपासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. आणि नोव्हेंबर १९१२ मध्ये आपले गोपाळ कृष्ण गोखले गांधींबरोबर ओहलांगेला डुबेंना भेटायला गेले होते. फर्ग्युसनचे गोखले! मुलांनी त्यांना झुलू गाणी ऐकवली. मी इतकी वर्षं गोखल्यांचा दक्षिण आफ्रिका दौरा चार ओळींत शिकवला, त्यात हे कधी आलं नाही.

पण मला विल्कॉक्स नवरा-बायकोबद्दल सांगायचंय. त्यांना हळूहळू दिसू लागलं की या लोकांची जमीन हातातून चाललीय, तर नुसत्या प्रवचनाने काय होणार? बोर्डाशी त्यांचं पटेनासं झालं. त्यांनी बोर्ड सोडलं आणि काळ्या लोकांना भागीदार करून जमिनी विकत घ्यायची कंपनी काढली. १९१३ मध्ये जमीन कायदा आला. देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीबाहेर आफ्रिकन माणसाने जमीन घ्यायची नाही! डुबे १९१४ मध्ये लंडनपर्यंत दाद मागायला गेले, काही झालं नाही. विल्कॉक्सची कंपनी १९१८ मध्ये बुडाली. आयुष्यभर आफ्रिकेत राहिलेलं हे म्हातारं जोडपं कफल्लक होऊन अमेरिकेला परतलं. मात्र त्या कंपनीमार्फत घेतलेल्या जमिनींवरची काही गावं, कॉर्नफिल्ड्स, टेम्बालिहले, वर्णभेदाच्या काळात उठवायला आलेल्यांना न जुमानता राहिली.

मग हे दोघं विसरले गेले. नोकुटेला तर आणखीच. १९१७ मध्ये ती जोहान्सबर्गला वारली, तिच्या कबरीवर नाव नव्हतं, फक्त एक अपमानास्पद नोंद आणि आकडा. हे सगळं उजेडात आणलं ते शेरिफ केइता नावाच्या, मूळच्या मालीतल्या प्राध्यापकांनी. ते अमेरिकेत शिकवत. १९९९ मध्ये कॉलेजच्या मुलांची सहल घेऊन दक्षिण आफ्रिकेला गेले असताना इनांडाला डुबेंची कबर पाहिली आणि पुढची कित्येक वर्षं या शोधात घातली, माहितीपट केले. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विल्कॉक्स पतिपत्नींना मरणोत्तर सन्मान दिला. २०१३ मध्ये नोकुटेलाच्या कबरीवर नावाचा दगड बसला.

मुलांची सहल! हे वाचलं आणि फोनवरचं माझं "दहा दिवसांत?" मला चांगलंच टोचलं.

आणि नुसतं राहण्याने तरी काय होतं? फिनिक्स आणि इनांडा ऐंशी वर्षं शेजारी. तरी ऑगस्ट १९८५ च्या दंगलीत इनांडातल्या हिंदी कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली आणि गांधींचा आश्रम जळाला. शेजार म्हणजे नातं नव्हे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

मिशन कंपाउंडच्या भिंतीपलीकडे माझी एक मैत्रीण राहायची. आठवी ते अकरावी आम्ही एका बाकावर. तिची आजी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, सुंदर वाचायची. 'स्मृतिचित्रे' मी पहिल्यांदा त्या आजीच्या तोंडून ऐकलं. पण चार वर्षांत त्यांच्या घरी मी पाणी प्यायले नाही. घरून तशी ताकीद होती, आणि मी ती पाळली. आजी दर वेळी पेला पुढे करायची आणि मी "तहान नाही" म्हणायचे. उन्हाळ्यात, नगरच्या उन्हाळ्यात! त्या कधी काही बोलल्या नाहीत. दहा पावलांवर घर, चार वर्षं.

रविवारी नातीला फोन केला. म्हटलं, मला सगळं पहिल्यापासून सांग, मी मध्ये बोलणार नाही. तिने सांगितलं. मी विचारलं, तिथल्या कुणाचं नाव आठवतं का? तिने न थांबता अकरा नावं घेतली. एका मुलीला गणिताची भीती आहे म्हणे, तिला ती दर आठवड्याला फोनवर गणित शिकवते. तीन महिने झाले. मला सांगितलं नव्हतं, मी हसेन म्हणून.

अपूर्णांक कसे शिकवावेत यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. ती भाकरीचे तुकडे करून दाखवते, मी म्हटलं दोरीही घे.

माझी मैत्रीण पुण्यात असते असं मागे कुणीतरी म्हणालं होतं. आमच्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर तिचा नंबर कळवा.