बोटांची टोपणं

मे महिन्यात नातू गिटार घेऊन आला आणि माझ्या पुस्तकांच्या खोलीत त्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं. मेटल म्हणतात ते संगीत. नाट्यगीतांवर पोसलेले माझे कान पहिल्या दिवशी वैतागले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तोच वैतागलेला. "आजोबा, आवाज जड येतोय, पण घट्ट येत नाही. नुसता चिखल होतोय."

जड आवाजाची ही कल्पना मुळात आली कुठून? मास्तरी सवयीने मी विचारलं आणि एक इतिहासच हाती लागला.

साल १९६५, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात हात सापडला; उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! गिटार संपली असंच त्याला वाटलं. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८ साली आगीत हात भाजल्यावर जँगो मुख्यतः दोन बोटांवर गिटार वाजवत असे.

आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे ब्लॅक सॅबथच्या १९७१ सालच्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये काही गाण्यांसाठी तारा सैल करून स्वर खाली आणला. पेटीच्या भाषेत काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या. बोटांची सोय झाली आणि आवाजाला वजन आलं.

पण खर्ज फार झाला की अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो फाटून गढूळ होतो. आयोमी अ‍ॅम्पच्या आधी ट्रेबल बूस्टर लावत असे. वरचे स्वर उचलले जातात, खर्ज मागे राहतो आणि प्रत्येक आघात मोकळा ऐकू येतो. नातवाने शेवटी त्याच वाटेने काम केलं. गेन कमी केला. मिक्स करताना गिटारमधला ८०-१०० हर्ट्झखालचा भाग कापला, ती जागा बेस गिटारला दिली. तोच तुकडा दोनदा तंतोतंत वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला. चिखल गेला. घट्टपणा काहीतरी काढून टाकल्याने आला!

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९८३ साली माझ्या वर्गातल्या एका मुलाची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली. तबला छान वाजवायचा. मी म्हणालो, "आता तबला सोड, अभ्यासाला लाग." काळजीपोटीच म्हणालो हो. पण बर्मिंगहॅमच्या त्या माणसाने रेकॉर्ड ऐकवली आणि मी मात्र सल्ला दिला.

तो आता साठीकडे झुकला असेल. गावाकडच्या कुणाला त्याचा पत्ता ठाऊक असेल तर मला कळवा. त्याचं एक देणं राहिलंय.