मराठी कवितेच्या शंका आणि वर्गाबाहेरची उत्तरे

कवितेचे वृत्त कसे ओळखावे, ओवीला गण का लागत नाहीत, शुद्ध लिहावे म्हणजे नेमके कसे लिहावे, या विद्यार्थ्यांच्या शंका जुन्याच आहेत. परंतु त्यांची उत्तरे देणारा मराठीचा अध्यापक महाविद्यालयात दीर्घकाळ नव्हता, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पुढच्या काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठी वगळली गेली. ती परत यावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी १९०१ मधील आपल्या निधनापर्यंत खटपट केली. मधल्या काळात जिज्ञासू विद्यार्थ्याला आधार होता तो ग्रंथांचा आणि मासिकांचा. जुन्या कवितेसाठी परशुरामतात्या गोडबोले यांचे 'नवनीत' (१८५४) आणि वृत्तांसाठी त्यांचेच 'वृत्तदर्पण' हाताशी होते. भाषा, लेखनशैली आणि ग्रंथपरीक्षण यांविषयीचे विवेचन विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त १८७४ पासून चौऱ्याऐंशी अंकांत एकहाती केले. व्याकरणाच्या शंकांचे साक्षेपी निरसन मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने १९११ साली केले.

कवितेच्या रचनेचा प्रश्न मात्र पुरता सुटला नव्हता. संस्कृत वृत्ते तीन-तीन अक्षरांच्या आठ गणांनी मोजता येतात. ओवी-अभंगांत अक्षरांची संख्या पाहतात, ऱ्हस्वदीर्घ पाहत नाहीत. पदे आणि आर्या मात्रांवर चालतात. या साऱ्यांची व्यवस्था एकत्र लावली ती माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन यांनी. १८९४ साली वडोदऱ्यास जन्मलेले हे कवी व्यवसायाने फारसीचे प्राध्यापक होते. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केल्यावर १९२७ साली त्यांनी 'छंदोरचना' प्रसिद्ध केली आणि १९३७ मध्ये तिची विस्तृत आवृत्ती काढली. वृत्त, जाति आणि छंद असे पद्याचे तीन प्रकार त्यांनी निश्चित केले. फारसीच्या व्यासंगामुळे मराठी रचनेकडे तुलनेने पाहण्याची दृष्टी त्यांना लाभली होती. १९३८ साली याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. दिली. मराठी ग्रंथाला मिळालेला हा तेथील पहिलाच असा मान होय. ज्या विद्यापीठाने एकेकाळी मराठीला दाराबाहेर ठेवले, त्यानेच हा गौरव करावा, हे विशेष.

हे सर्व ग्रंथ कोणा एकाच्या वर्गात अडकून पडले नाहीत. जेथे राजभाषा वा शिक्षणाची भाषा निराळी होती, अशा गावांतील मराठी मुलालाही ते ग्रंथालयाच्या कपाटातून मिळू शकत होते. शंका विचारायला शिक्षक जवळ नसला तरी उत्तर वाचायला पुस्तक असावे, एवढी सोय ज्यांनी केली, त्यांचे ऋण मराठीने विसरू नये.