भिलाईचा द्रवरूप प्राणवायू

२०२१ सालच्या एप्रिलात नागपूरच्या रुग्णालयांचे डोळे भिलाईच्या रस्त्याकडे लागले होते. तेथील पोलाद कारखान्याच्या आवारातून महाराष्ट्राला मिळणारा प्राणवायू दररोज ११० टनांवरून ६० टनांवर आणण्याचे घाटताच तो प्रश्न थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. भिलाई आणि नागपूर यांचा संबंध मात्र जुनाच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती!

हा प्राणवायू टँकरांतून आला तो द्रवरूपात. एक लिटर द्रवातून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, म्हणूनच ही वाहतूक शक्य होते. परंतु वायूचा द्रव करणे ही विद्या सहजासहजी हाती आलेली नाही. फॅरडेने १८२३ साली क्लोरीन द्रवरूप केला खरा. पण प्राणवायू, नत्रवायू, हायड्रोजन कितीही दाबले तरी त्याला दाद देईनात. शेवटी त्यांना ‘कायमचे वायू’ असे नाव देऊन लोक मोकळे झाले.

कोडे उलगडू लागले ते १८६९ साली. कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंशांहून उष्ण असेल, तर कोणत्याही दाबाने त्याचा द्रव होत नाही, असे अँड्र्यूजने दाखविले. १८७३ साली लायडनच्या विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात व्हॅन डर वाल्सने त्याचे मर्म सांगितले. रेणू परस्परांना ओढीत असतात आणि उष्णता त्यांना उधळीत असते. उधळण ओढीवर मात करते तोवर दाब व्यर्थ होय. ही ओढ साऱ्या पदार्थांत सारखी नसते. पाण्याचा रेणू प्राणवायूच्या रेणूहून हलका, तरी पाणी १०० अंशांवर उकळते आणि द्रव प्राणवायू शून्याखाली १८३ अंशांवर! पाण्याचे रेणू हायड्रोजनच्या द्वारे एकमेकांना घट्ट धरून असतात. प्राणवायूच्या रेणूंत केवळ इलेक्ट्रॉनांच्या क्षणोक्षणी होणाऱ्या हालचालींतून उपजणारी दुबळी ओढ असते. तिचा उलगडा तर १९३० साली लंडन या शास्त्रज्ञाने केला.

१८७७ च्या डिसेंबरात कायेते आणि पिक्ते यांनी, एकमेकांपासून दूर राहून, प्राणवायू द्रवरूप केला. मला मात्र अधिक कौतुक वाटते ते लिंडेचे. त्याच्या १८९५ च्या यंत्रात दाबलेली हवा अरुंद छिद्रातून मोकळी सोडली जाते. पांगताना रेणूंना परस्परांची ओढ तोडावी लागते. ती तोडण्यात त्यांची गती खर्ची पडते आणि हवा थंडावते. जी ओढ पकडायची, तिलाच कामाला जुंपले!

कारखान्यातील हवा वेगळी करण्याच्या उंच स्तंभांत ओढीतला हाच फरक उपयोगी पडतो. नत्रवायू शून्याखाली १९६ अंशांवर उकळून वर निघून जातो. प्राणवायू तळाशी उरतो. आर्गॉनचा उत्कलनबिंदू प्राणवायूपासून अवघ्या तीन अंशांवर असल्याने त्याला वेगळे काढण्यास अधिक खटपट पडते.

हा प्राणवायू मुख्यतः पोलादाच्या भट्ट्यांसाठी. त्या वर्षी तो दुहेरी भिंतींच्या टँकरांतून रुग्णालयांच्या टाक्यांत उतरला. तेथे द्रवाचा पुन्हा वायू करावयास कोणती भट्टी लागत नाही. द्रव पंख्यासारख्या पात्या असलेल्या नळ्यांतून जातो आणि भोवतालच्या हवेची उष्णता घेऊन रेणू सुटे होतात. एप्रिलातील नागपूरच्या उन्हातही त्या नळ्यांवर पांढरे हिम साचते.