खारं पाणी, मूत्राशय आणि एक कॅप्सूल

अकोल्याकडे लघवीची तक्रार सांगितली की पहिला आरोप पाण्यावर. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला मुतखडा कळतो. पण खडा नाही, जंतू नाहीत, तरी मूत्राशय ठणकतो, हे कोण मानणार? माझ्या थोरल्या बहिणीची नऊ वर्षे अशीच गेली. तिच्या फायलीतूनच मी या इतिहासात शिरलो.

बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी १९१५ साली अशा रुग्णांच्या मूत्राशयातील व्रणांचे वर्णन केले. अमेरिकेत पोटात घ्यायच्या औषधाला मान्यता मिळाली ती थेट १९९६ साली. पेंटोसान पॉलिसल्फेट हे त्याचे नाव. मूळ द्रव्य बीच झाडाच्या लाकडातले. शंभर मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, गुण यायला तीन ते सहा महिने. मूत्राशयाच्या अस्तरावरचा विरलेला थर ते सांधते, हा केवळ कयास!

पाचव्या महिन्यात बहीण म्हणाली, "बाप्पा, काल राती दोनदाच उठली मी!"

पुढे २०१८ साली अटलांटातील एमरीच्या नेत्रतज्ज्ञांनी हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्या काहींच्या दृष्टिपटलात बिघाड नोंदवला. २०२० साली माहितीपत्रकात इशारा छापला गेला. ते वाचून मी तिला अमरावतीला नेले. पडदा शाबूत निघाला. औषध सोडायला ती तयार नाही. दरवर्षी डोळे तपासतो.