तेरा वर्षांचा हिशोब

वाटणीचा विषय निघाला की आपल्या घरात बोलणे थांबते. "आमच्यात तसले काही नाही" असे म्हणून आपण तो टाळतो. पण हा प्रश्न खुद्द भोसल्यांच्या घरातही उभा राहिला होता. तो कसा चिघळला आणि कसा मिटला, हे भावंडांपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या आपण मंडळींनी जाणून घेण्यासारखे आहे.

शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकार करताना घोड्यावरून पडून वारले. त्यांची बंगळूरकडची जहागीर, फौज आणि खजिना व्यंकोजीराजांच्या ताब्यात राहिला. व्यंकोजी हे तुकाबाईंचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे सावत्र भाऊ. इकडे मिर्झाराजांची स्वारी, आग्र्याची कैद, राज्याभिषेक या धामधुमीत वाटणीचा विषय मागे पडला. तिकडे व्यंकोजींनी १६७६ च्या सुमारास स्वतःच्या कर्तबगारीने तंजावर मिळवले.

म्हणजे बाजू दोघांनाही होती. वडिलांची मिळकत दोघांची, ही एक. इथे राहून मी सांभाळली आणि वाढवली, ही दुसरी. हे शब्द आपल्याला अनोळखी आहेत का?

शहाजीराजांच्या वेळचे कारभारी रघुनाथपंत हणमंते यांचे व्यंकोजींशी बिनसले आणि ते महाराजांकडे आले. १६७७ च्या जुलैमध्ये दक्षिणेच्या स्वारीत महाराजांनी कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडीला धाकट्या भावाला भेटीला बोलावले आणि निम्मा वाटा मागितला. काही दिवस बोलणी झाली, पण निष्पन्न काहीच झाले नाही. एका रात्री व्यंकोजी न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. महाराज चिडले, पण तंजावरवर चालून गेले नाहीत. मागे राहिलेल्या व्यंकोजींच्या माणसांनाही त्यांनी सन्मानाने परत पाठवले. महाराज परतल्यावर मात्र व्यंकोजींनीच नोव्हेंबरमध्ये त्यांच्या तिथल्या फौजेवर हल्ला केला आणि त्यांचा पराभव झाला.

त्यानंतर महाराजांनी धाकट्या भावाला जे पत्र लिहिले, त्यात तेरा वर्षांचा हिशोब आहे. इतकी वर्षे वडिलांचा सारा वारसा तुम्ही एकट्यानेच उपभोगलात, अशी तक्रार आहे. घरातल्या कलहाने कौरव-पांडवांचे काय झाले याची आठवणही आहे. सुरात राग आहे, पण दार उघडे ठेवलेले आहे.

त्या दारातून वाट काढली ती व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंनी. त्यांनी पतीला समजावले आणि रघुनाथपंतांमार्फत बोलणी सुरू केली. एकोणीस कलमांचा तह झाला. तंजावर व्यंकोजींकडे राहिले आणि बंगळूर, होसकोटेचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला. ज्या मिळकतीवरून भांडण झाले, तिचाच मोठा भाग भावजयीला आहेर म्हणून गेला! महाराज जिंकले होते. तरीही हात आखडता घेतला नाही.

याचे फळ पुढच्या पिढीला मिळाले. १६८९ च्या अखेरीस राजाराम महाराज जिंजीला पोचले आणि १६९८ पर्यंत मोगलांनी तो किल्ला जेरीस आणला. त्या कठीण काळात व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तंजावरहून आपल्या चुलत भावाला मदत पाठवली. तंजावरचे मराठी राज्य पुढे १८५५ पर्यंत टिकले.

आज सातबारा, सोसायटीचा फ्लॅट आणि बँकेतला लॉकर यांचे प्रश्न छोटे असले, तरी गाठ तीच आहे. सांभाळणारा एकीकडे, हक्क सांगणारा दुसरीकडे आणि मध्ये कित्येक वर्षांचे मौन. आता कायद्याने बहिणीही समान वाटेकरी आहेत, तेव्हा बोलणारी माणसे वाढली आहेत. आईवडील असतानाच मृत्युपत्र करून घ्यावे. ते राहून गेले असेल, तर वर्षभरात सर्वांनी एकत्र बसावे, सांभाळणाऱ्याच्या कष्टांची किंमत आधी मान्य करावी, दोन्हीकडच्या विश्वासाचे एखादे माणूस मध्ये घ्यावे आणि ठरेल ते कलमवार लिहून काढावे. तेरा वर्षे थांबले की हिशोब पैशांचा उरत नाही, मनाचा होतो.