रिअल स्टील : रोबोटांच्या मुष्टियुद्धाचा मोबाइल गेम आणि नवशिक्याची तयारी

रिअल स्टील ही रोबोटांच्या मुष्टियुद्धाच्या मोबाइल गेमची मालिका. मुंबईत मुख्यालय आणि पुण्यात स्टुडिओ असलेल्या रिलायन्स गेम्स या कंपनीने ती काढली. पहिला गेम २०११ मध्ये त्याच नावाच्या हॉलिवूड चित्रपटाबरोबर आला. मालिकेचे नाव मात्र झाले ते २०१३ च्या ‘रिअल स्टील वर्ल्ड रोबोट बॉक्सिंग’मुळे. पुढे ‘वर्ल्ड रोबोट बॉक्सिंग २’ आला, आणि सुटे भाग जुळवून स्वतःचा रोबोट उभा करता येईल असा ‘बॉक्सिंग चॅम्पियन्स’ही आला. ही नोंद मुख्यतः २०१३ च्या गेमबद्दल आहे आणि तो नव्याने हाती घेणाऱ्याने आधी काय शिकावे, यावर तिचा भर आहे.

कथेचे मूळ रिचर्ड मॅथेसन यांच्या ‘स्टील’ (१९५६) या लघुकथेत सापडते. माणसांच्या मुष्टियुद्धावर बंदी आलेल्या काळात एक माजी मुष्टियोद्धा आपले यंत्र बिघडल्यावर स्वतःच यंत्राचे सोंग घेऊन रिंगणात उतरतो, अशी ती कथा. १९६३ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी दूरदर्शन मालिकेत तिचा एक भाग झाला. शॉन लेव्ही दिग्दर्शित, ह्यू जॅकमन यांची प्रमुख भूमिका असलेला २०११ चा चित्रपट तिच्यावरूनच सुचलेला. ड्रीमवर्क्सच्या या चित्रपटामागे अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहाची गुंतवणूक होती, म्हणून त्याचा मोबाइल गेम महाराष्ट्रातल्या कंपनीकडे आला. चित्रपटातल्या लढतींसाठी जगज्जेते मुष्टियोद्धे शुगर रे लिओनार्ड यांचा सल्ला घेतला होता आणि रोबोटांच्या हालचाली खऱ्या माणसांच्या हालचाली टिपून उभ्या केल्या होत्या. खेळणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. पडद्यावर लोखंड दिसत असले तरी लढत मुष्टियुद्धाचीच आहे. जॅब, हूक, अपरकट, अंतर, पवित्रा आणि दम या गोष्टी ज्याला कळतात त्याला गेम लवकर कळतो.

हा गेम गावातल्या मुलाने कसा शिकावा, ते कोऱ्हाळे बुद्रुकच्या उदाहरणावरून पाहू. हे बारामती तालुक्यातले, बारामती-नीरा रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे गाव. अशा गावात फायटिंग गेमची पहिली ओळख मोबाइलवरच होते. आर्केड मशिन मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये, आणि प्लेस्टेशन घेणे बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर. फोन वडिलांचा किंवा थोरल्या बहिणीचा असतो, तो थोडाच वेळ हाती येतो आणि शिकवणारे कुणी नसते. त्यामुळे मोठ्या शहरातल्या खेळाडूला दिला जाणारा ‘रोज दोन तास सराव कर’ हा सल्ला इथे कामाचा नाही. मिळालेल्या दहा मिनिटांत काय करायचे ते ठरलेले असावे. मात्र या भागातल्या मुलांची एक बाजू भक्कम असते. गावोगावच्या यात्रांतल्या कुस्त्या बघून त्यांची नजर तयार झालेली असते. सलामी झाल्यावर पैलवान लगेच पट काढत नाही. आधी खडाखडी होते, एकमेकांची ताकद, तोल आणि सवय अजमावली जाते. रोबोटाच्या लढतीची पहिली काही सेकंदे अगदी तशीच वापरायची असतात.

नवशिक्याची पहिली चूक सगळीकडे सारखीच असते : लढत सुरू होताच उजवीकडची बटणे दिसेल तशी दाबत सुटणे. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी याने पडतातही, आणि तेच पुढे महागात पडते. आपल्याला खेळता येते असा समज होतो, आणि नंतरच्या फेऱ्यांत जरा ताकदवान रोबोट समोर आला की तीच बोटे उपयोगाची राहत नाहीत. चित्रपटातला नॉइझी बॉयचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नायक एक नावाजलेला रोबोट विकत घेतो, त्याचे डाव नीट शिकून न घेताच त्याला मिडास या तगड्या रोबोटासमोर उभा करतो आणि एका लढतीत त्याचे तुकडे होतात. रोबोट कमी पडला नव्हता, चालवणाऱ्याला तो ठाऊकच नव्हता. म्हणून गेममध्ये नवा रोबोट मिळाला की त्याला आधी सोप्या लढतीत उतरवावे. त्याचा हात किती लांब पोचतो, जड ठोसा उगारायला किती वेळ घेतो आणि चुकल्यावर तो किती वेळ उघडा राहतो, या तीन गोष्टी बघितल्याशिवाय त्याला मोठ्या लढतीत नेऊ नये.

कुठलाही ठोसा तीन टप्प्यांचा असतो : हात उगारला जातो, ठोसा लागतो, हात परत येतो. तिसऱ्या टप्प्यात मारणारा असहाय असतो. फायटिंग गेमचे निम्मे शास्त्र या परतीच्या क्षणाभोवती फिरते. प्रतिस्पर्ध्याचा जड ठोसा हवेत गेला किंवा आपण तो अडवला, की त्याचा हात परत येईपर्यंत आपली पाळी. दोन-तीन हलके ठोसे तेवढ्यात बसतात. ते लागल्यावर लोभ धरून चौथा, पाचवा ठोसा मारायला जाऊ नये. तोवर समोरचा सावरलेला असतो आणि आता उघडे आपण असतो. अडवा, दोन मारा, मागे व्हा. हा क्रम हाताला इतका बसला पाहिजे की बोलता बोलता जमावा.

अडवणे लोकांना जमत नाही याचे कारण वेळेच्या हिशेबात आहे. फायटिंग गेममध्ये वेळ फ्रेममध्ये मोजतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. जपानच्या नामको कंपनीच्या टेकन या प्रसिद्ध गेममध्ये सर्वांत जलद ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात. डोळ्याला दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. त्यात टचस्क्रीनचा स्वतःचा उशीर वेगळा. हिशेब सरळ आहे : असा हलका ठोसा बघून अडवणे कुणालाही शक्य नाही, तो अंदाजानेच अडवावा लागतो. जड ठोसा मात्र उगारायला वेळ घेतो, म्हणून तो बघून अडवता येतो. नवशिक्याने हलक्या ठोशांनी होणारे थोडे नुकसान मनाला लावून न घेता सारे लक्ष जड ठोशांवर ठेवावे. नजरही आपल्या रोबोटावर नको. आपण कोणते बटण दाबले ते आपल्याला ठाऊकच असते; समोरच्याचा खांदा कधी मागे जातो ते बघायचे असते.

संगणकाने चालवलेल्या रोबोटांना सवयी असतात. चित्रपटात ट्विन सिटीज या दोन डोक्यांच्या रोबोटाशी लढताना नायकाला दिसते की उजवा ठोसा मारण्याआधी तो किंचित अडखळतो, आणि लढत तिथून फिरते. गेममध्येही एखादा प्रतिस्पर्धी दोन हलक्या ठोशांनंतर हटकून जड ठोसा मारतो, एखादा आपण मागे सरलो की धावत अंगावर येतो. हरलेल्या लढतीतून अशी एक सवय टिपून ठेवली तरी ती लढत कामी आली. एकाच प्रतिस्पर्ध्याकडून लागोपाठ हरत असाल तर एक लढत जिंकण्याचा विचार बाजूला ठेवून खेळावी : एकही ठोसा न मारता फक्त अडवायचे आणि बघायचे. सरावाचा याहून चांगला प्रकार या गेममध्ये नाही.

कॉम्बो, म्हणजे समोरच्याला सावरू न देता एकापाठोपाठ बसणारे ठोसे, हे नवशिक्याचे मोठे आकर्षण. याचा उगम १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये आहे, आणि तिथे तो ठरवून ठेवलेला नव्हता. चाचणी घेताना निर्मात्यांना ठोसे असे जोडले जातात हे दिसले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. सुरुवातीला एकच छोटा कॉम्बो पक्का करावा. दहा ठोशांची माळ दहातून एकदा जमते. तीन ठोशांची दरवेळी जमली तर नुकसान जास्त होते. लढत चालू असताना स्पेशलची, म्हणजे खास जबर डावाची, पट्टी भरत जाते. ती भरल्याबरोबर स्पेशल मारण्याचा मोह टाळावा. समोरचा सावध असताना मारलेला स्पेशल वाया जातो. त्याचा जड ठोसा हुकल्यावर मारलेला बसतो.

आक्रमण थोपवून धरण्याचे महत्त्व चित्रपटाच्या शेवटच्या लढतीत सर्वांत चांगले दिसते. ॲटम हा भंगारात सापडलेला, खरे तर सरावासाठी बनवलेला रोबोट. त्याचा प्रतिस्पर्धी झ्यूस त्याच्याहून कितीतरी बलाढ्य. नायक ॲटमला मार सोसत उभा ठेवतो, झ्यूसची शक्ती मारण्यातच खर्ची पडू देतो आणि अखेरच्या फेरीत उलटतो. निकाल गुणांवर झ्यूसच्या बाजूने लागतो, हेही खरे.

पैशाचा व्यवहार दोन प्रकारचा आहे. लढती जिंकून गेममधले पैसे मिळतात आणि त्यांतून रोबोटाचे गुण वाढवता येतात किंवा नवे रोबोट घेता येतात. नवशिका दिसेल तो रोबोट घेत सुटतो आणि अर्धवट ताकदीचे चार रोबोट घेऊन अडकतो. एकच रोबोट धरून त्याला वाढवणे केव्हाही बरे. शिवाय एकाच रोबोटाचे अंतर आणि वेळ हाताला बसते. दुसरा व्यवहार खऱ्या पैशांचा. गेम फुकट मिळतो, पण आत खरेदीची सोय आहे आणि जाहिरातीही येतात. फोन घरच्यांचा असेल तर त्यांना विचारून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था आधी करून घ्यावी, आणि घरच्यांनी यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. पैसे न भरता गेम शिकता येतो. अडते ते घाईमुळे. अवघड लढतीत हरल्यावर विकत घेतलेली ताकद फार तर ती एक लढत जिंकून देते, आणि जे शिकायचे ते राहून जाते.

साध्या फोनवर खेळताना काही गोष्टींनी फार फरक पडतो. मागे उघडी असलेली ॲप बंद करावीत, बॅटरी सेव्हर काढावा, फोन चार्जिंगला लावून खेळू नये. तापलेला फोन आपणहून वेग कमी करतो, चित्र अडखळते आणि वेळेचा सारा अंदाज बिघडतो. बोटे घामेजली की टच नीट लागत नाही, तेव्हा काच पुसून घ्यावी. उन्हात ओट्यावर बसून खेळण्यापेक्षा सावलीत बसावे, कारण काचेवर उजेड पडला की समोरच्याचा उगारलेला हातच दिसत नाही. मित्राशी खेळायला मिळाले तर जरूर खेळावे. संगणकाच्या सवयी पाठ होतात, माणूस हुलकावणी देतो.

या गेमवर तयार झालेला हात इतर गेममध्येही चालतो. टेकनच्या १९९४ च्या पहिल्या भागापासून जॅक नावाचा रोबोट आहे. तो लांब हाताचा आणि संथ, म्हणून अंतर राखायला शिकलेल्याला तो चटकन जमतो. सेगाचा ‘व्हर्च्युअल ऑन’ (१९९५) आणि फ्रॉमसॉफ्टवेअरची १९९७ मध्ये सुरू झालेली ‘आर्मर्ड कोअर’ मालिका यांत रोबोट मोकळ्या मैदानात धावतात, उडतात आणि बंदुका चालवतात. तिथे ठोशांपेक्षा हालचाल मोठी ठरते आणि रोबोटाची जुळणी हाच अर्धा खेळ असतो. ज्याला खऱ्या यंत्रांकडे वळायचे आहे त्याच्यासाठी आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्सच्या लढती होतात. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रोबोटांची एबीयू रोबोकॉन ही आशिया-प्रशांत विभागाची स्पर्धा २०१४ मध्ये पुण्यात भरली होती. तिथे ठोसे नव्हते. मुलांच्या बागेतल्या सीसॉ, झोका यांसारख्या खेळण्यांवर एका रोबोटाने दुसऱ्याला सांभाळून खेळवायचे होते.