नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा इतिहास आपलाच आहे

परवाच्या रविवारी आम्ही काही जण बेव्हर्ली पार्कात एका मित्राच्या घरी वाचनासाठी बसलो होतो. वाचन बाजूलाच राहिले. आमच्यातला एक जण बांधकामाच्या साईटवर सुपरवायझर आहे. पदवीधर आहे, कामात मुरलेला आहे, पण वरची जागा दर वेळी दुसऱ्यालाच मिळते. या वेळी त्याला सांगण्यात आले, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे सर्टिफिकेट आणा, मग बघू. तो वैतागून म्हणाला, "चाळिशीत आता काय शिकायचं? आणि शिकायचं कधी? पहाटेची लोकल पकडतो, रात्री नऊला मीरा रोडला उतरतो." दुसऱ्याने वर पुस्ती जोडली, "हे सगळं कॉर्पोरेटचं खूळ. चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?"

मित्रांनो, आम्हाला हे दोन्ही मुद्दे मान्य नाहीत. का, ते इतिहासच सांगतो.

आधी वयाचा मुद्दा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत जातीने छळले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या पगारातून त्यांनी काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. मधली वर्षे नोकरी, संसार आणि सार्वजनिक कामात गेली होती. सुटलेले शिक्षण पगाराच्या पैशातून पुरे करणारा माणूस आपला बाप आहे. मग चाळिशीची लाज कसली?

आता वेळेचा मुद्दा. हा खरा मुद्दा आहे, कारण कष्टकऱ्याला बुद्धी कमी नसते, वेळ कमी असतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी हे फार आधी ओळखले होते. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी त्यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली. शाळेच्या वेळेला माणूस येऊ शकत नसेल, तर माणसाच्या वेळेला शाळा लावा, हा त्यामागचा विचार.

बाबासाहेबांनी तो विचार दोन्ही अंगांनी पुढे नेला. त्यासाठी १९४६ हे साल नीट लक्षात ठेवा. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. त्याच वर्षी २० जूनला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. जागा होती मरीन लाईन्सजवळच्या लष्करी बराकी. वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरदार पोरांना तास आटोपून कामावर जाता येई. एका हाताने कामाचे तास कमी केले, दुसऱ्या हाताने कामाच्या वेळेआधी भरणारे कॉलेज उघडले. मीरा रोडहून चर्चगेटकडे जाणारी आमची लोकल आजही त्या मरीन लाईन्सवरून जाते. खिडकीतून बाहेर बघताना आम्हाला किती वेळा याची आठवण होते?

राहिला "कॉर्पोरेट खुळा"चा आरोप. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे तरी काय? मोठे काम लहान तुकड्यांत मांडायचे, कोणते काम अडले तर पुढचे सगळे अडते ते ओळखायचे, वेळ, पैसा आणि माणसे यांचा हिशेब ठेवायचा. यासाठीची 'पर्ट' ही पद्धत अमेरिकी नौदलाने १९५८ मध्ये आणली. त्याआधीच, १९४५ च्या जानेवारीत, बाबासाहेब कलकत्त्यात दामोदर खोऱ्याच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवत होते. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक असा एकत्रित विचार, आणि केंद्र, बंगाल, बिहार या तीन सरकारांना एका टेबलावर आणण्याचे काम. पुढे १९४८ मध्ये कायद्याने दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभे राहिले. हे एकट्या माणसाचे काम नव्हते, त्यात अनेक अभियंते होते. पण नियोजनाच्या टेबलावर आपला माणूस अध्यक्ष होता. आज मीरा-भाईंदरमध्ये टॉवर उठतात, मेट्रोचे खांब उभे राहतात. तिथे घमेली उचलणारे हात कोणाचे आणि वेळापत्रक हातात धरणारे हात कोणाचे, हे जरा जाऊन बघा. हा प्रश्न चळवळीचा नाही, तर मग कोणाचा?

मात्र डोळे मिटून फी भरू नका. जाहिरातीतले प्रत्येक सर्टिफिकेट कामाचे नसते. मान्यता कोणाची, परीक्षा कोण घेते, एकूण खर्च किती, हे आधी विचारा. १९८५ मध्ये स्थापन झालेले इग्नू आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरदारांना शिकवत आहे. तिथे आपल्या उपयोगाचे काय आहे ते आधी पाहा. पीएमपीसारख्या परीक्षेला बसायला प्रकल्प चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. तो आपल्याकडे भरपूर आहे, फक्त कागदावर नाही. म्हणून आजपासून वही ठेवा: कोणते काम, किती माणसे, किती दिवस, जबाबदारी कोणाची.

आणि हे एकट्याने करू नका. आपल्या जयंती मंडळाच्या वर्गणीतला एक हिस्सा नोकरदारांच्या फीसाठी वेगळा काढता येईल. कामाच्या ठिकाणी युनियन असेल तर अभ्यास-रजेची मागणी तिच्या यादीत घालता येईल. १९४६ ने दाखवून दिले आहे की शिकण्यासाठी वेळ मागावा लागतो, तो आपोआप मिळत नाही.

आमच्या सुपरवायझर मित्राने अजून फॉर्म भरलेला नाही. पण पुढच्या रविवारी तो वही घेऊन येणार आहे. आम्हीही येणार आहोत.

जय भीम!